आडनाव नसलेला मुलगा

मार्गशीर्ष लागला की विक्रोळीच्या पूर्वेकडच्या आमच्या वसाहतीवर सकाळी एक राखाडी पडदा उतरतो. त्याला धुके म्हणण्याचा मोह मी आता आवरतो, कारण त्यात खाडीवरून आलेला गारवा थोडा असतो आणि हायवेची धूळ पुष्कळ. घसा दिवसभर खवखवत राहतो. दुपारी ऊन मऊ होते, खारफुटीवरून रोहित पक्ष्यांची एखादी रांग जाते, आणि तुळशीचे लग्न उरकलेले असल्यामुळे रस्त्यापलीकडच्या सभागृहावर दिव्यांच्या माळा चढतात. गुरुवारी माझी पत्नी सुनंदा महालक्ष्मीचा घट मांडते. त्याच संध्याकाळी टीव्हीवरच्या सगळ्या सुनाही घट मांडतात; फक्त त्यांच्या नारळाची शेंडी अधिक तुकतुकीत असते. मालिकांतही लग्नसराई सुरू होते. आठवडाभर हळद, मेंदी, संगीत, आणि रविवारी लग्नाचा महाएपिसोड.

लोकांना हा हंगाम आवडतो. मला त्याची भीती वाटते. काल संध्याकाळी अशाच एका लग्नाची जाहिरात लागली. लाल शालू, धरलेला अंतरपाट, आणि मांडवाच्या दारातून कोणीतरी ओरडते, ‘थांबा!’ माझ्या तळहातांना घाम फुटला. सुनंदाने माझ्याकडे पाहिले, रिमोट उचलला आणि आवाज कमी केला. पंचावन्न वर्षांच्या माणसाने जाहिरातीला घाबरावे, हे हास्यास्पद आहे हे मला कळते. पण त्या वर्षीचा मार्गशीर्ष माझ्या अंगातून अजून गेलेला नाही.

आमच्या घरात मालिका पाहण्याची एक रीत होती. आठ वाजता सुनंदा ताटे वाढून बाहेरच्या खोलीत आणी. ती, मी आणि आमची एकुलती एक मुलगी केतकी, असे तिघे टीव्हीसमोर जेवत असू. मालिका संपली की बोरिवलीहून माझ्या थोरल्या भावाचा, दादाचा फोन येई. दादा माझ्याहून बराच मोठा. गिरणी बंद पडली आणि आमचे वडील घरात बसले, तेव्हा दादाने स्वतःचे शिक्षण सोडून माझे पूर्ण केले. त्यामुळे त्याच्यासमोर माझा आवाज कधी चढला नाही. खरे सांगायचे तर कधी निघालाच नाही. वडील गेले, गावच्या घराची वाटणी झाली, आणि आम्हा भावांजवळ एकमेकांशी बोलायला विषय उरला नाही. मालिकेने तो दिला. फोन स्पीकरवर ठेवलेला असे. तिकडून दादा, वहिनी आणि त्यांचा मुलगा नीलेश, इकडून आम्ही.

“बघलंस मां? माका आधीच म्हायत होता, ती सासू खोटारडी आसा.”

“हो ना, दादा.”

“आणि ही रडता कित्याक सारखी? सुनंदा, तू असतंस तर काय केलं असतंस गो?”

“मी भावोजी, आधी तिचे दागिने काढून ठेवले असते. झोपताना टोचत नाहीत का बाईला?” सुनंदा म्हणे, आणि दोन्ही घरे हसत.

मालिकांना हसणे सोपे आहे. सकाळी सहाला पैठणी नेसून चहा करणाऱ्या बायका, एकाच वाक्यावर तीन वेळा वळणारे चेहरे, मेलेला माणूस नव्या चेहऱ्याने परत येणे. मीही हसत असे. पण हसता हसता आमच्या घरात काही बदलत होते, हे मला उशिरा दिसले. सुनंदाच्या बहिणीच्या मुलीने घटस्फोट घेतला तेव्हा त्या घरात अपेक्षित रडारड झाली नाही, कारण त्याआधी वर्षभर सगळ्या बायका एका मालिकेतल्या घटस्फोटाच्या बाजूने बोलत आल्या होत्या. स्वतःच्याच बोलण्यावरून मागे फिरणे त्यांना जड गेले. पन्नाशीतल्या बाईचे दुसरे लग्न, सावळी नायिका, नोकरीसाठी मूल सासूकडे ठेवून जाणारी आई, असे एकेक प्रश्न आधी पडद्यावर आले आणि मग आमच्या जिन्यावर. कोकणातल्या आमच्या साध्या लग्नांत संगीत आणि मेंदीही याच वाटेने आली. ज्यावर बोलायला आपण धजत नाही त्याची मालिका आधी तालीम घेते, असे मला वाटू लागले होते, आणि या विचाराचा मला थोडा अभिमानही होता.

त्या वर्षी आठ वाजताच्या मालिकेत अनुजा नावाची मुलगी होती. मोठा बंगला, तालेवार वडील, मिशीला पीळ देणारा काका. तिचे एका गॅरेजवाल्या मुलावर प्रेम बसले होते. दिवाळीपासून सगळी वसाहत या प्रेमावर बोलत होती. दादा अर्थातच काकाच्या बाजूने.

“पोरीक इतका शिकवला, ता ह्याच्यासाठी?” तो म्हणे. “काय रे, खरा की नाय?”

“हं,” मी म्हणे.

नीलेशचा आवाज मागून येई. तिशीतला मुलगा, मंडळाचा कार्यकर्ता, रक्तदान शिबिरात सर्वांत पुढे, माझ्या आजारपणात रात्रंदिवस इस्पितळात बसलेला. “काका, हा गॅरेजवाला ना, समजवून ऐकणाऱ्यातला नाही. हायवेला एक ट्रक पुरे.” सगळे हसले. मी पुन्हा “हं” म्हटले. काही दिवसांनी मालिकेत खरोखरच काकाने पाठवलेल्या ट्रकने त्या मुलाला उडवले. फोन आला तेव्हा नीलेश आनंदाने ओरडत होता, “बघा काका, लेखकाने माझंच ऐकलं! वाट लावली की नाही भाऊची?”

केतकी ताट घेऊन आत गेली. थोड्या वेळाने सुनंदाने मला हाक मारली. केतकी ओट्याला पाठ लावून उभी होती. नळ चालू होता आणि ती काहीच धूत नव्हती.

“पप्पा, एक विचारू?” ती म्हणाली. “त्या गॅरेजवाल्याचं आडनाव काय?”

मी आठवू लागलो. अनुजाच्या घराण्याचे आडनाव प्रत्येक भागात चार वेळा येई. त्याचे आठवेना.

“नाही आठवणार. सांगितलंच नाहीये. तो फक्त गरीब आहे. गरीब असला की बरं असतं, शेवटच्या आठवड्यात श्रीमंत करता येतो.” तिने नळ बंद केला. “सुमेधचं तसं काही निघणार नाहीये, पप्पा. सुमेध कांबळे. माझ्या ऑफिसच्याच इमारतीत एक्स-रे सेंटरला आहे. आम्हाला लग्न करायचंय.”

सुनंदा खाली बसली. मी काय बोललो ते मला आठवत नाही. 

“दिवाळीपासून मी रोज ऐकतेय,” केतकी म्हणाली. “तुम्हाला वाटतं, तुम्ही अनुजाबद्दल बोलताय. ती ऐकते का तुमचं? मी ऐकते. बोरिवलीच्या काकांनी पोरीबद्दल काय काय म्हटलं, नीलेशदादा काय म्हणाला, आणि पप्पा, प्रत्येक वेळेला तुम्ही काय म्हणालात.”

“मी काही म्हणालो नाही गं.”

“हं म्हणालात.”

मी एका रंगाच्या कारखान्यात छटा जुळवण्याच्या प्रयोगशाळेत आयुष्य काढले. आमच्या कामातली एक गोष्ट बाहेरच्या लोकांना ठाऊक नसते. दोन पट्ट्या ट्यूबलाइटखाली हुबेहूब एक दिसतात आणि दिवसाच्या उजेडात नेल्या की वेगळ्या निघतात. म्हणून आम्ही प्रत्येक पट्टी तीन प्रकारच्या उजेडात पाहत असू. स्वतःला मात्र मी टीव्हीच्या उजेडाखेरीज कधी पाहिले नव्हते. कारखान्यात जेवताना सगळ्यांच्या डब्यात माझा हात असे. माझ्यात जातीपातीचे काही नाही, अशी माझी ठाम समजूत होती. केतकीने ते आडनाव उच्चारले आणि त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा आला तो दादाचा चेहरा. तिचा नाही. त्या मुलाचा तर नाहीच. हे लिहिताना आजही माझी मान वर होत नाही.

भीती त्यानंतर आली, आणि आली ती राहायलाच. एरवी मालिकेतला ट्रक मालिकेतच राहतो. हा माझ्या डोळ्यांसमोर हायवेवर उतरला. नीलेशचे मित्र मला ठाऊक होते. त्यांच्या मोटारसायकली ठाऊक होत्या. तो बोलला ते थट्टेत, हे मी स्वतःला दिवसातून कितीदा सांगत होतो, आणि थट्टेला लागणारी मुळे जमिनीत किती खोल असतात याचा विचार करून पुन्हा गार पडत होतो. केतकी सकाळी कामाला निघाली की मी तिच्यामागून, तिला कळू न देता, स्टेशनच्या पुलापर्यंत जाऊ लागलो. त्या राखाडी हवेत प्रत्येक दुचाकी मला तिच्याकडेच वळताना दिसे. संध्याकाळी तिला यायला उशीर झाला की सुनंदा देवासमोरची समई उगाच सारखी करत बसे. आम्ही एकमेकांना काही विचारत नसू. आणि साडेआठला फोन येई, आणि मी तो घेई. “काय रे, आवाज बसलो तुझो?” दादा विचारी. “धूळ फार आहे,” मी सांगे.

एका रविवारी सुनंदा म्हणाली, “अहो, असं पुलावर उभं राहून कुठवर चालणार? त्यांच्या घरी तरी जाऊन या.” म्हणून मी केतकीबरोबर घाटकोपरला, टेकडीच्या चढावरच्या वस्तीत सुमेधच्या घरी गेलो. अरुंद पण लखलखीत घर. भिंतीवर बुद्धाची मूर्ती, शेजारी निळ्या कोटातली तसबीर. सुमेध, बारीक अंगाचा, चष्मा लावणारा मुलगा, खुर्च्या मांडताना तीनदा अडखळला. त्याच्या आई दवाखान्यातून परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या. मी जमवून आणलेली वाक्ये बोलू लागलो. आमच्याकडची मंडळी जुन्या वळणाची आहेत, घराण्याच्या नावाचा प्रश्न असतो, थोडा वेळ जाऊ द्यावा. त्या शांतपणे ऐकत होत्या.

“भाऊ, एक बोलू?” त्या म्हणाल्या. “आमच्याकडंबी तीच मालिका असते आठला. पोराला ट्रकनं उडवलं ना, त्या दिवशी मी टीव्ही बंद केला. अजून लावला नाही. तुम्हाला भीती नावाची आहे. माझा एकच आहे. तो संध्याकाळी घरी येतो का नाही, ही माझी भीती आहे. दोन्ही भीत्या एका तागडीत नका घालू.”

“आई,” सुमेध म्हणाला.

“थांब रे. वेळ जाऊ द्या म्हणतात ते. वेळ गेला की कुणीतरी बाहेरून सांगतं, मग लोक शोधत येतात.” त्या माझ्याकडे वळल्या. “लग्न करा, नका करू, ते पोरं बघतील. माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या भावाला तुम्ही सांगा. तुमच्या तोंडानं, त्यांच्या घरात बसून. माझ्या पोराच्या मागं एक माणूस तरी उभा आहे, ते त्यांना दिसू द्या.”

परतताना केतकी माझ्यापुढे चढ उतरत होती. मला वाटत होते, तिने म्हणावे की पप्पा, राहू द्या, तुम्हाला नाही जमणार. तिने म्हटले नाही.

पुढच्या रविवारी अनुजाच्या लग्नाचा महाएपिसोड होता. मी एकटाच बसने बोरिवलीला गेलो. वहिनींनी बटाटेवडे केले होते. सोफ्यावर दादा, नीलेश, शेजारचे दोघे. केतकी म्हणाली होती तसेच झाले. मांडवात एक म्हातारा वकील आला आणि त्याने जाहीर केले की ट्रकच्या अपघातातून वाचलेला हा गॅरेजवाला मुलगा मोठ्या उद्योगपतीचा लहानपणी हरवलेला वारस आहे. काकाने मिशी सोडून त्याला मिठी मारली. टाळ्या वाजल्या, पडद्यावरही आणि खोलीतही.

“बघलंस?” दादाने माझ्या गुडघ्यावर थाप मारली. “शेवटी घराण्याचोच निघालो!”

शेजारचे दोघे वडे संपवून, कार्यक्रम उरकला म्हणून उठून गेले. जाहिराती लागल्या. मी ओठांवरून जीभ फिरवली. 

“दादा, केतकीचं लग्न ठरलंय,” मी म्हणालो. “मुलाचं नाव सुमेध कांबळे. बौद्ध आहेत. घाटकोपरला राहतात.”

दादा हसत होता. हसू चेहऱ्यावर तसेच राहिले आणि डोळे बदलले. नीलेशने टीव्हीचा आवाज बंद केला.

“काय बोललंस?”

मी पुन्हा सांगितले. तेच शब्द, त्याच क्रमाने. माझा आवाज इतका हलका होता की वहिनींना पुढे वाकावे लागले.

“सुनंदाक म्हायत आसा?”

“आहे.”

“आणि तू त्यांच्या घरात जाऊन बसलंस?”

“जेवलोही.”

दादा उठला. तो मला मारील असे मला वाटले, आणि मी हात वर केला नाही. पण तो खिडकीपाशी गेला आणि बाहेर पाहत म्हणाला, “तुका शिकवलंय मी. ह्याच्यासाठी शिकवलंय?” त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

मग नीलेश बोलला. “कुठे काम करतो तो?”

साधाच प्रश्न. दुसऱ्या कोणत्याही मुलाबद्दल चुलतभावाने विचारावा असा. मला मात्र तो पत्ता काढल्यासारखा ऐकू आला. मी त्याच्याकडे वळलो. ज्या मुलाला मी खांद्यावर बसवून गणपती दाखवले त्याच्याशी बोलताना माझे ओठ थरथरत होते, आणि ते त्याला दिसत होते.

“नीलेश, ते मी तुला सांगणार नाही. ट्रकबद्दल तू जे म्हणाला होतास ते मला आठवतंय. त्या मुलाच्या केसाला जरी धक्का लागला, तरी मी पोलिसांत जाईन. पहिलं नाव तुझं सांगेन. मी स्वतः सांगेन.”

“भावोजी!” वहिनी ओरडल्या. “घरातल्या पोराबद्दल बोलताय तुम्ही हे!”

“हो, वहिनी. म्हणूनच बोलतोय.”

पुढे काय झाले त्याची सलग आठवण माझ्याजवळ नाही. जाहिराती संपल्या होत्या. आवाज नसलेल्या पडद्यावर अक्षता पडत होत्या. दादा खिडकीपासून वळलाच नाही.

फेब्रुवारीत केतकीचे लग्न झाले. बोरिवलीहून कोणी आले नाही. ती दोघे मुलुंडला राहतात. साडेआठचा फोन आता येत नाही, आणि ती वेळ आली की मी उगाच पाणी प्यायला उठतो. काही घडलेले नाही. पण भीती काही घडण्यावर जगत नाही. ती ‘अजून’ या शब्दावर जगते. घरी पोहोचल्याचा निरोप सुमेध रोज त्याच्या आईला पाठवतो आणि मलाही. मी मागितला नव्हता. या चुकीचा धनी मी आहे की माझ्याआधीच्या कित्येक पिढ्या, असा विचार करून मी कधी स्वतःला हलके करू पाहतो. पण “हं” म्हणणारा आवाज माझाच होता, त्याला पूर्वज नाहीत. टीव्हीवर आता नवी अनुजा आहे, नवा गरीब मुलगा आहे. सुनंदा परवा म्हणाली, “अहो, याचंही आडनाव नाही सांगत बघा.” आम्ही दोघे वाट पाहतो आहोत. एखाद्या संध्याकाळी तिथला एखादा बाप ते पूर्ण नाव उच्चारील आणि कोणी वकील मांडवात येणार नाही, याची.

त्या रविवारचे एक मात्र मला लख्ख आठवते. दादाच्या घरातून मी बाहेर पडलो आणि जिना उतरू लागलो. चौथा मजला. मधल्या मजल्यावरचा दिवा गेलेला होता. वर दार उघडल्याचा आवाज झाला, आणि माझ्यामागून पावले येऊ लागली. भराभर, दोन-दोन पायऱ्या सोडून. मी कठडा धरला.  पावले माझ्या वरच्या पायरीवर थांबली.

“काका.”

मी वळलो. नीलेश होता. त्याच्या हातात माझ्या चपला होत्या; मी अनवाणीच निघालो होतो. त्याने त्या माझ्या पायांशी ठेवल्या आणि सरळ उभा राहिला. अंधारात त्याचा चेहरा मला दिसत नव्हता. त्याला काही बोलायचे आहे असे वाटले, पण तो बोलला नाही, आणि गेलाही नाही.

मी चपला पायांत सरकवल्या. त्याच्याकडे पाठ करण्याचे धैर्य मला झाले नाही. कठड्याला धरून, त्याच्याकडे तोंड ठेवून, मी उरलेला जिना एकेक पायरी मागे पाऊल टाकत उतरलो.